हसण्याच्या जागा

चॅनेलवाले सावईवेऱ्यात आले शनिवारी,
दोन गाड्या, एक जनरेटर,
आणि एक मुलगा, ज्याचं काम
कुत्र्यांना गप्प ठेवणं एवढंच.

तासाभराचा विनोदी विशेष कार्यक्रम,
विषय : धडपडणारे रंगकर्मी.
म्हणजे आम्ही.
म्हणजे पुंडलिक फडते, पोस्टातून निवृत्त,
पस्तीस जत्रांचा राजा.
शाबा गावस, दिवसा टेम्पो, रात्री सेनापती.
कुंदा, अंगणवाडीतून थेट तालमीला येते
खडूचे हात पदराला पुसत.
आणि मी, येसो. विंगेत पुस्तक धरतो.

दिग्दर्शक पोरगा चांगला होता, खोटं कशाला बोलू.
सगळ्यांना काका म्हणाला, तीन वाट्या सोलकढी प्याला,
मग म्हणाला, काका, त्या स्वगतात
तुम्ही मध्येच विसरा.
पुंडलिकाने त्याच्याकडे पाहिलं
पत्त्यात गावच नसलेल्या पाकिटाकडे पाहावं तसं.
"विसरू? कुठे?"

तो कधी विसरला नव्हता.
वडील गेले त्या रात्री नाही,
म्हार्दोळला वीज गेली तेव्हाही नाही :
अंधारात अख्खा प्रवेश ऐकवला त्याने,
आणि दिवे आले तेव्हा
बरोबर सिंहासनावर बसलेला होता.

आता त्याला विसरता येईना.
पहिल्या टेकला सगळं बोलून गेला.
दुसऱ्याला थांबला, पण असा थांबला
की कॅमेरावाल्याने मान खाली घातली.
सातव्यानंतर विंगेपाशी आला,
"येसो, मला जरा जागा काढून दे रे. विसरायची."

तानेच्या जागा असतात, टाळीच्या असतात.
मी पेन्सिलीने फुली मारली.
त्या पानावर आधीच्या फुल्या होत्या :
इथे शाबा अडतो,
इथे कुंदाचा श्वास संपतो,
इथे बाबुसो अडायचा, तो आता नाही.
पुंडलिकाची ही पहिली.

अकराव्याला विसरला. छान विसरला.
मी ठरल्याप्रमाणे चुकीचं वाक्य दिलं,
ठरल्याप्रमाणे मिशी गळून पडली,
पोरं खुर्च्यांवरून घरंगळली.
मीही हसलो. देवाची आण, हसू आलंच.

मानधनाचा चेक फोंड्याला वटला.
पेटीवाल्याची उधारी फिटली,
दर्शनी पडद्याला नवं कापड आलं, थोडं उरलं
त्याचा कुंदाने तालमीच्या खोलीला पडदा केला.

कार्यक्रम लागला तेव्हा सगळं गाव अग्रशाळेत.
आमच्या आधी टीव्हीच हसायचा,
मग आम्ही, जरा उशिरा, पाहुण्यांसारखे.
माझं वाक्य आलं तिथे हशा होता.
हशाच्या खाली मी होतो, मला माहीत आहे.
बायको म्हणाली, तुझा आवाज कुठाय?
म्हटलं, चाळीस वर्षं तोच तर प्रयत्न करतोय,
ऐकू न यायचा.

मग जत्रा आली. दुसरी रात्र, अडीच वाजले असतील.
शेंगदाण्याची टरफलं, पेंगणारी पोरं,
पुंडलिक स्वगताला उभा राहिला
आणि पुढची रांग आधीच फिसफिसू लागली.
मोबाईल वर झाले.
त्या ओळीपाशी आला.
थांबला.

हशा फुटला, देवळाच्या मागच्या कुळागरापर्यंत गेला असेल.
त्याने मिशीला हात लावला नाही.
मान न वळवता
डोळे तेवढे माझ्याकडे आणले.
मी पान पाहिलं. फुली मी पुसलीच नव्हती.

ओळ दिली. खरी.
त्याने ती माझ्याकडून घेतली,
हळू, दोन्ही हातांनी घ्यावी तशी,
आणि पुढे गेला.

पहाटे रंग उतरवताना खोबरेलाची बाटली
त्याने माझ्याकडे सरकवली,
मला रंग नसतो हे विसरून.
मी थोडं तेल घेतलं, तोंडाला लावलं.